परिसर आणि आयुर्मान

माणसाला आयुष्य किती लाभावयाचे हे त्याच्या कपाळी लिहिलेले असते, अशी समजूत आपल्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पिकाच्या बाबतीत मात्र शेतकरी असे कधीच म्हणत नाही. एकाच वाणाचे बी दोन शेतांत पेरले आणि त्यांपैकी एक शेत निचऱ्याचे व दुसरे चिबड असले, तर दोन्हीकडील पीक सारखे यावयाचे नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. चिबड रानातील रोपे पिवळी पडली म्हणजे तो बियाण्याला बोल लावीत नाही. चर खणून पाण्याला वाट करून देतो. माणसाच्या आयुष्याकडेही याच दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. मूल कोणत्या घरी जन्मले यास महत्त्व आहेच. परंतु ते घर कोणत्या वस्तीत आहे, तेथील पाणी कसे आहे, मैल्याची व्यवस्था काय आहे, हवा खेळती आहे किंवा नाही आणि अडचणीच्या वेळी मदत किती अंतरावर आहे, या गोष्टींवरही त्याच्या आयुष्याची लांबी मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या गोष्टी माणसाच्या हातच्या आहेत. मात्र त्या एकट्या माणसाच्या हातच्या नाहीत, सबंध वस्तीच्या हातच्या आहेत. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार केलेला आहे.

सरासरी आयुर्मान म्हणजे काय?

आयुर्मानाचे आकडे वाचताना एक गैरसमज नेहमी होतो. सरासरी आयुर्मान ५० वर्षे आहे असे म्हटले की सर्व लोक पन्नाशीच्या सुमारास मरण पावतात, असा अर्थ घेतला जातो. तो बरोबर नाही. हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल.

एका पाड्यावर दहा मुले जन्मली असे समजू. त्यांपैकी दोन मुले पहिल्या वर्षातच दगावली, एक मनुष्य ३० व्या वर्षी वारला आणि उरलेले सात जण ७० वर्षे जगले. सर्वांच्या वयाची बेरीज ५२० होते व तिला दहाने भागले असता सरासरी ५२ येते. आता समजा, शुद्ध पाणी व वेळेवर उपचार मिळाल्याने ती दोन मुले वाचली आणि तीही ७० वर्षे जगली. बेरीज ६६० होईल आणि सरासरी ६६ येईल. येथे म्हाताऱ्या माणसांचे आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नाही, तरीही वस्तीचे सरासरी आयुर्मान १४ वर्षांनी वाढले.

या हिशेबातून कार्यकर्त्याने घ्यावयाचा बोध असा की, जेथे आयुर्मान कमी असते तेथे बहुधा लहान मुलांचे मृत्यू अधिक असतात. हगवण, अतिसार, न्यूमोनिया, हिवताप यांसारखे रोग लहान मुलांना अधिक घातक ठरतात आणि त्यांतील बहुतेकांचा उगम घराच्या आसपासच असतो. सबब, आयुर्मान वाढविण्याचे काम मोठ्या रुग्णालयात जितके होते तितकेच ते विहिरीच्या काठी, उकिरड्यावर आणि चुलीपाशीही होत असते.

शहरे जेव्हा खेड्यांहून घातक होती

शहरात माणूस अधिक जगतो आणि खेड्यात कमी, असे आज आपण गृहीत धरतो. इतिहास मात्र असे सांगत नाही. इंग्लंडात १८४२ साली एडविन चॅडविक यांनी श्रमिक लोकांच्या राहणीसंबंधी एक अहवाल सादर केला. त्यात मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर आणि रटलंड हा शेतीप्रधान परगणा यांची तुलना केलेली होती. मँचेस्टरच्या मजूरवर्गात मृत्यूसमयीचे सरासरी वय अवघे १७ वर्षे भरले. रटलंडच्या मजूरवर्गात ते ३८ होते. मँचेस्टरमधील सधन व पांढरपेशा वर्गाचे सरासरी वयही ३८ एवढेच होते. म्हणजे चांगल्या हवेत राहणारा खेड्यातील गरीब मजूर आणि घाणीच्या शहरात राहणारा श्रीमंत यांची सरासरी एकाच आकड्यावर आली. मृत्यूसमयीचे सरासरी वय आणि आयुर्मान या दोन्ही संज्ञा अगदी एक नव्हेत. तथापि परिसराचा प्रभाव किती असतो हे या आकड्यांनी उघड केले. श्रीमंती असूनही शहराच्या घाणीपासून धनिकांची पूर्ण सुटका झाली नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडेही हा अनुभव आला. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. मांडवी हा बंदरालगतचा धान्याच्या वखारींचा भाग. वखारींत उंदीर, उंदरांवर पिसवा आणि लगतच्या कोंदट चाळींत दाटीवाटीने राहणारी माणसे, अशी रोगाला सर्व प्रकारे अनुकूल परिस्थिती तेथे होती. पुढे साथ पुण्यात व अन्यत्र पसरली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असताना १८९७ साली सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करण्यात आला आणि दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढण्यात आले. परंतु ज्यांची घरे पाडली गेली त्यांतील अनेकांना पुन्हा दुसऱ्या दाटीतच आसरा शोधावा लागला. घाण एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेली म्हणजे परिसर सुधारला असे होत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पारडे कसे फिरले?

विसाव्या शतकात शहरांनी नळाचे पाणी, बंदिस्त गटारे, लसीकरण आणि दवाखाने या सोयी प्रथम मिळविल्या आणि पारडे फिरले. आपल्या देशातील नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार १९७०–७५ या काळात जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान ग्रामीण भागात ४८.० वर्षे आणि शहरी भागात ५८.९ वर्षे होते. दोहोंत जवळजवळ ११ वर्षांचे अंतर होते. २०१४–१८ या काळात, म्हणजे करोनाच्या साथीपूर्वी, ग्रामीण आयुर्मान ६८.० आणि शहरी आयुर्मान ७२.६ वर्षांवर गेले. अंतर साडेचार वर्षांच्या आसपास आले.

अर्भकमृत्यूचे आकडेही हेच सांगतात. १९७१ साली देशाच्या ग्रामीण भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १३८ मुले वर्षाच्या आत दगावत असत. शहरी भागात ८२. २०२० साली हेच प्रमाण ग्रामीण भागात ३१ आणि शहरी भागात १९ झाले.

या आकड्यांत समाधान मानावयास जागा आहे आणि काळजी करावयासही आहे. पन्नास वर्षांच्या आत ग्रामीण माणसाचे आयुर्मान २० वर्षांनी वाढले. तेच गाव, तीच माती, तीच माणसे; बदलला तो परिसर आणि वाढली ती सोय. कपाळीचे लिखित असते तर ते असे बदलले नसते. परंतु राहिलेले साडेचार वर्षांचे अंतरही आपोआप मिटणारे नाही.

एकाच शहरात आणि एकाच गावात

शहर आणि खेडे अशी सरळ विभागणी केली तर खरी गोष्ट निसटते, कारण शहर एकजिनसी नसते आणि खेडेही नसते. मुंबईतील गोवंडी–मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की, खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही व वारा खेळत नाही. त्याच भागातील अधिक मोकळी जागा असलेल्या दुसऱ्या वसाहतीच्या मानाने तेथे क्षयरोगाचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले. शहर एक, रुग्णालये तीच, राहणारे लोकही बव्हंशी सारख्याच परिस्थितीतले. अंतर होते ते दोन इमारतींमधील मोकळ्या जागेचे.

खेड्यातही हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. गावठाणाचा उंच भाग, सखल भाग, वेशीबाहेरची वस्ती, डोंगराकडील पाडा, शेतातील वस्त्या आणि ऊसतोडणी कामगारांच्या कोपी या सर्वांना एकाच गावाचे नाव असले तरी त्यांचा परिसर एक नसतो. गावाचे सांडपाणी उतरत उतरत ज्या वस्तीपाशी जाऊन थांबते तेथे बहुधा गरिबांचीच घरे असतात. नळाची शेवटची तोटीही तेथेच असते आणि पाण्याचा जोर तेथेच कमी असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आहे, आणि या तफावतीचे कारण केवळ गरिबी एवढेच नाही. महाड येथे १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो समान हक्कांसाठी. पाण्याचा हक्क हा आयुष्याचाही हक्क आहे, हे आकडेवारीवरून आज उघड दिसते. ज्या ग्रामपंचायतीने गावाचा मध्यभाग चकचकीत केला, परंतु कडेची वस्ती तशीच ठेवली, त्या ग्रामपंचायतीचे काम अर्धेच झाले असे समजले पाहिजे.

रोगाचा माग नकाशावर

परिसरातील दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढण्याची एक सोपी रीत आहे. १८५४ साली लंडनमध्ये सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यू कोठे कोठे झाले याची नोंद घेतली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाच्या आसपास झालेले होते. जवळच्याच मद्याच्या कारखान्यातील कामगार मात्र बचावले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. डॉ. स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती. तथापि पटकी पाण्यातून पसरते या मताला या नोंदींनी मोठा आधार दिला. पटकीचा जंतू सर्वमान्य होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

हे काम करावयास प्रयोगशाळा लागली नाही. घरोघर फिरण्याची तयारी आणि नीट ठेवलेली नोंद एवढेच भांडवल पुरे पडले. ही रीत आपल्या प्रत्येक गावात वापरता येण्याजोगी आहे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

परिसराची पाच अंगे

ग्रामीण परिसराचा आयुर्मानाशी येणारा संबंध पाच अंगांनी पाहता येईल.

(१) पाणी. नळ घरापर्यंत आला म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असे समजू नये. नळ फुटका असला, तो गटारातून गेलेला असला किंवा टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसली, तर शुद्ध पाणीही घरी येईपर्यंत दूषित होते. जेथे विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरतात तेथे, विशेषतः पावसाळ्यात, टी.सी.एल. पावडर नियमाने टाकली पाहिजे. तिचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीने व ३.१४ ने गुणावे, आलेल्या संख्येला ४ ने भागावे आणि १००० ने गुणावे. म्हणजे पाणी किती लिटर आहे ते निघते. दर १००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर पुरते. उदाहरणार्थ, विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ५ मीटर असल्यास पाणी ६२,८०० लिटर भरते व त्यास १५७ ग्रॅम पावडर लागते.

ही पावडर कोरडीच विहिरीत फेकू नये. बादलीत प्रथम थोड्या पाण्यात तिची लापशी करावी व नंतर बादली पाऊण भरेल इतके पाणी घालून ढवळावे. एका बादलीस १०० ग्रॅमपेक्षा अधिक पावडर घेऊ नये. म्हणजे वरील विहिरीस दोन बादल्या कराव्या लागतील. दहा मिनिटांनी चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावी व ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हालवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये. हे काम रात्री, पाणी भरणे आटोपल्यावर केल्यास सोयीचे होते. सकाळी ओ.टी. चाचणी घ्यावी, पाण्यास पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे.

पाण्यातील काही दोष क्लोरीनने जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. दर लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ प्याल्याने दात व हाडे बिघडतात. नायट्रेटचे प्रमाण ४५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास ते पाणी तान्ह्या मुलांस अपायकारक ठरते. नत्रयुक्त खते गरजेपेक्षा अधिक देणे आणि विहिरीलगत उकिरडा ठेवणे ही या दोषाची मोठी कारणे होत. शेतात वाया गेलेला युरिया केवळ पैशाचे नुकसान करून थांबत नाही, तो पाझरत पाझरत विहिरीपर्यंत पोचू शकतो.

(२) मैला. दोन खड्ड्यांचे शौचालय हे आपल्या खेड्यांस सर्वांत सोयीचे आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयास घ्यावयाचा. बंद खड्ड्यातील मैल्याचे दीड ते दोन वर्षांत निर्धोक, वास नसलेले सोनखत होते. शौचालयाचा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर, म्हणजे ५० फूट, अंतरावर आणि शक्य तो उताराच्या खालच्या बाजूस असावा. आपल्याकडील काळ्या पाषाणात भेगा असतात व त्यांतून दूषित पाणी बरेच लांब जाऊ शकते; अशा ठिकाणी अंतर याहूनही अधिक ठेवावे.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. स्वतःच्या घरी शौचालय बांधले की आपले कुटुंब सुरक्षित झाले, असे पुष्कळांस वाटते. प्रत्यक्षात माशी उंबरठा ओळखीत नाही आणि पावसाचे पाणी बांध मानीत नाही. दहा घरांपैकी आठ घरांनी शौचालय वापरले आणि दोन घरांनी ओढ्याकाठी जाणे चालू ठेवले, तर ओढ्याचे पाणी दहाही घरांस बाधते. शेतावर एकट्याने फवारणी केली आणि शेजारच्या शेतातील कीड तशीच राहिली तर काय होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून जी दोन घरे मागे राहिली त्यांना दंडाची भीती घालण्यापेक्षा ती का मागे राहिली, जागा नाही, पाणी नाही किंवा खड्डा भरलेला आहे, हे पाहून अडचण दूर करणे हे गावाच्या स्वतःच्या हिताचे आहे.

(३) सांडपाणी व डास. डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व गावाने कोरडा दिवस पाळून रांजण, टाक्या व हौद रिकामे करून घासून घ्यावेत. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडावेत. मोरीच्या पाण्यासाठी एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल शोषखड्डा घेऊन त्यात खाली मोठे व वर लहान दगड भरावेत आणि तोंडाशी गाळ अडविण्यासाठी छिद्रे पाडलेले मडके बसवावे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली आणि डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. तो कित्ता पुढे इतर गावांनी गिरविला. सांडपाणी परसात मुरविले म्हणजे भूजलातही भर पडते. मात्र हाही खड्डा पिण्याच्या विहिरीपासून दूर असावा.

(४) शेण, उकिरडा व धूर. उष्ण हवेत घरमाशीची एक पिढी सुमारे आठवड्याभरात पुरी होते. गोठ्यातील शेण दारात साचवून ठेवणे म्हणजे माशांची पैदास करणे होय. शेण रोज उचलून ते वस्तीबाहेरील नाडेप टाक्यात किंवा मातीने झाकलेल्या खड्ड्यात टाकावे. खतातील नत्र वाचते आणि माशाही कमी होतात. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांना रोज सुमारे ५० किलो शेण मिळते व त्यावर दोन घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र चालते. कुटुंबाचा स्वयंपाक बिनधुराचा होतो आणि स्लरीचे उत्तम खत मिळते.

धुराकडे आपण फारसे लक्ष देत नाही, कारण तो नेहमीचाच असतो. कोंदट घरात लाकूड, तुराट्या व गोवऱ्या जाळून निघणारा धूर स्त्रियांच्या व त्यांच्या कडेवरील मुलांच्या फुप्फुसांत जातो. मुलांना न्यूमोनिया आणि स्त्रियांना दम्यासारखे जुनाट विकार होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे गॅसची जोडणी पुष्कळ घरी पोचली. परंतु सिलिंडर परवडत नाही म्हणून चूलही चालू राहते. जेथे चूल अपरिहार्य आहे तेथे निदान धुराडे बसवावे, छपराखाली झरोका ठेवावा आणि लहान मुलास चुलीपासून दूर निजवावे.

(५) शेत आणि मदतीचे अंतर. शेतकऱ्याचा परिसर घरापाशी संपत नाही. त्याच्या दिवसाचा मोठा भाग शेतात जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. डोक्याइतक्या उंच पिकात, उकाड्यात, तोंडाला काही न बांधता फवारणी केल्यास औषध पिकापेक्षा अंगावर अधिक बसते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, भर उन्हात फवारू नये, दोन औषधे मनाने मिसळू नयेत, पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये, रिकामे डबे घरात वापरू नयेत आणि उरलेले औषध घरात उघडे न ठेवता कुलूपबंद पेटीत ठेवावे.

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज संशोधकांनी काढलेला आहे. यांत खेड्यातील माणसेच बहुसंख्य होती. घरालगत लाकडांचे व तुराट्यांचे ढीग न ठेवणे, धान्याची उंदरांपासून राखण करणे, रात्री बॅटरी घेऊन चालणे आणि मच्छरदाणीत झोपणे, हे उपाय अगदी साधे आहेत. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. नीट खोचलेली मच्छरदाणी डास व साप या दोहोंपासून रक्षण करते. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे घालविलेला एक तास प्राणावर बेतू शकतो. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळते, तेथवर रात्री कोणते वाहन जाईल आणि ओढ्याला पूर असल्यास कोणता रस्ता धरावयाचा, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे.

जामखेडचा अनुभव

वरील उपाय एकेकटे नवे नाहीत. ते एकत्र आणि गावाच्याच हातून झाले तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना, त्यांत दलित व निरक्षर स्त्रियाही होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले. या स्त्रिया गावातच राहत, बाळंतिणीकडे जात, मुलांची वजने घेत आणि जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास शिकवीत. त्याचबरोबर शेतकरी मंडळे व महिला मंडळे स्थापन होऊन पिण्याचे पाणी, शोषखड्डे, वृक्षलागवड व जमिनीची बांधबंदिस्ती यांची कामे गावाने हाती घेतली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली दर हजारी सुमारे १७६ असलेले अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७६ पर्यंत ५२ च्या आसपास उतरले. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

ज्या स्त्रीला कालपर्यंत विहिरीवर चढू दिले जात नव्हते तिच्याच हातून गावातील मुले वाचू लागली, ही यातील लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. ज्ञान, पाणी आणि मान या तिन्ही गोष्टी वस्तीच्या कडेपर्यंत पोचल्या तेव्हाच सबंध गावाचे आयुष्य वाढले.

कार्यकर्त्याने करावयाचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पुढील क्रमाने काम करावे. प्रथम गावाचा हातनकाशा काढून त्यात प्रत्येक वस्ती, विहीर, हातपंप, नळाची तोटी, उघडे गटार, उकिरडा व शौचालये दाखवावीत. नंतर ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीवरून गेल्या पाच वर्षांत पाच वर्षांखालील जी मुले आणि साठ वर्षांच्या आत जी माणसे वारली त्यांची यादी करावी. नोंदवहीत न आलेले मृत्यूही असतात. ते आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व वृद्ध स्त्रिया यांस विचारून मिळवावेत. प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या ठिकाणी नकाशावर एक खूण करावी. नावे लिहू नयेत व कोणास दोष देऊ नये.

खुणा एकाच भागात दाटलेल्या दिसल्या तर त्या भागासंबंधी ग्रामसभेपुढे हे प्रश्न ठेवावेत: तेथील लोक कोणते पाणी पितात? गावाचे सांडपाणी तिकडे जाते काय? किती घरांत शौचालय आहे आणि किती घरांत ते वापरता येते? किती घरांत रोज धूर होतो? रात्रीच्या वेळी तेथून दवाखान्यास जाण्यास किती वेळ लागतो? या प्रश्नांची उत्तरे त्या वस्तीतील लोकांनी, आणि त्यातही स्त्रियांनी, द्यावीत. इतरांनी त्यांच्या वतीने देऊ नयेत. उत्तरांवरून वर्षाच्या आराखड्यातील पहिले काम ठरवावे. एका वर्षी एकच काम घेतले तरी चालेल. परंतु ते खुणा जेथे अधिक आहेत तेथून सुरू व्हावे. पुढील वर्षी तोच नकाशा पुन्हा भरावा.

लहान गावात एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मृत्यूंची संख्या थोडी असल्याने ती योगायोगाने कमीजास्त होते. निदान पाच वर्षांची बेरीज पाहावी. खुणा दाटल्या म्हणजे कारण सापडलेच असेही नाही. ते चौकशीने पडताळून पाहावे आणि शंका आल्यास पाण्याचा नमुना तपासणीस पाठवून आरोग्य केंद्रास कळवावे.

शेतकरी जमिनीची प्रतवारी करतो, माती तपासून घेतो आणि जेथे पीक खुरटते तेथे आधी खत व पाणी देतो. वस्तीच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे. ज्या कोपऱ्यात माणसे लवकर मरतात तो कोपरा गावाचा सर्वांत दुबळा तुकडा होय आणि गावाच्या मेहनतीवर पहिला हक्क त्याचाच आहे.